खालच्या दातांमागचं किटण परत परत येतंय? आधी हे तपासून बघा

दात साफ करून घेतले की महिना दोन महिने छान गुळगुळीत लागतं आणि मग परत खालच्या पुढच्या दातांमागे जिभेला खरखर लागायला लागते, ही तक्रार घेऊन येणारे खूप जण असतात. मी कराडला एका दातांच्या दवाखान्यात हायजिनिस्ट म्हणून काम करते, स्केलिंग म्हणजे दातांवरचं किटण काढणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे तीच जागा, तेच किटण मी परत परत काढलेलं आहे. आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं, ब्रश रोज होतो पण त्या ठरलेल्या जागी पोचत नाही. आधी फुकटातल्या तपासण्या, मग थोड्या पैशातल्या, मग दवाखाना, असं लिहिलंय, याच क्रमाने जा, आणि जिथे थांबा म्हटलंय तिथे खरंच थांबा.

लक्षणं

यातलं काय काय जुळतंय ते बघा. जीभ खालच्या पटाशीच्या दातांमागून फिरवली की खडबडीत लागतं. दोन दातांमधल्या फटी भरून सलग पट्टी झाल्यासारखी वाटते. हिरडीच्या कडेला पिवळी किंवा तपकिरी रेघ, जी ब्रशने घासून हलत नाही. ब्रश करताना थुंकीत गुलाबी रंग, सफरचंद किंवा पेरू चावला की त्यावर रक्ताचा डाग. फ्लॉस म्हणजे दोन दातांमधून फिरवायचा बारीक दोरा घातला की अडकतो, त्याचे तंतू निघतात किंवा तुटतोच. सकाळी तोंडाचा वास, आणि ब्रश करून तासाभरात परत वास. वरच्या दाढांची गालाकडची बाजू बोटाने चाचपली तर तिथेही तसंच खरखरीत.

खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू, याच दोन जागा का, याचं कारण माहीत असलेलं बरं. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं बरोबर खालच्या पुढच्या दातांच्या मागे उघडतात, आणि गालातल्या मोठ्या ग्रंथीची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतंच, ते दातासाठी चांगलंही आहे, पण तिथे मऊ थर बसलेला असला की तेच क्षार त्या थरात मुरतात आणि त्याचं किटण होतं. म्हणजे किटण तोंडभर सारखं येत नाही, लाळ जिथे पहिल्यांदा पडते तिथे सगळ्यात जास्त. बोअरचं पाणी जड आहे म्हणून दातावर थर येतो असं बरेच जण सांगतात, पण किटणातलं कॅल्शियम येतं ते लाळेतून, पाणी बदलून हा प्रश्न सुटत नाही.

आता, पिवळं-तपकिरी दिसतंय म्हणजे किटणच असं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागातल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, लहानपणी दात तयार होत असताना तेच पाणी पोटात गेलं असेल तर दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात. ते इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराच्या, आतले असतात, जिभेला बहुतेक वेळा गुळगुळीत लागतात, दोन्ही बाजूंच्या दातांवर जोडीने दिसतात, आणि कितीही स्केलिंग केलं तरी जात नाहीत, त्याची ट्रीटमेंट वेगळी. चहा, तंबाखू, मशेरी यांचे डाग वरवरचे असतात, ते साफ करताना निघतात. हिरडी उतरून मूळ उघडं पडलं असेल तर ते मुळातच पिवळं असतं, ते घासून पांढरं होणार नाही, उलट झिजेल. आणि काळा खड्डा असेल, गोड खाल्लं की कळ येत असेल तर ती कीड आहे, ही पोस्ट बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

पहिली तपासणी: मऊ आहे का कडक

याला काहीच खर्च नाही. रात्री ब्रश करायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावा, आरशासमोर तोंड उघडून जीभ मागे घ्या, खालच्या दातांची आतली बाजू कापसाने नाहीतर स्वच्छ रुमालाच्या टोकाने कोरडी करा. ओल्या दातावर थर दिसत नाही, कोरडा केला की दिसतो. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा, किंवा मोबाइलने फोटो काढा. मग नखाने अगदी हलकेच हिरडीच्या कडेला खरवडून बघा. पांढरट पिवळट लगदा नखात आला तर तो प्लाक, म्हणजे जिवाणूंचा मऊ थर, आणि तो पूर्ण तुमच्या हातात आहे. नख घसरलं, काही निघालं नाही, खरखरीत कडक लागलं तर ते किटण आणि ते घरी निघत नाही. दोन्ही असेल, आणि बहुतेकांच्या तोंडात दोन्ही असतंच, तर पुढच्या तपासण्या तरी करा, कारण आज दवाखान्यात जाऊन किटण काढून आलात आणि मऊ थर तसाच साठत राहिला तर तीन महिन्यांनी परत इथेच याल.

हा फरक का महत्त्वाचा ते सांगते. दात अगदी स्वच्छ केला तरी काही मिनिटांत त्याच्यावर लाळेतल्या प्रोटीनचं पातळ आवरण बसतं, ते चालतं, त्याने काही बिघडत नाही. त्याच्यावर काही तासांत जिवाणू चिकटायला लागतात. एक-दोन दिवस त्याला कुणी हात लावला नाही की त्यात क्षार बसायला सुरुवात होते आणि साधारण बारा दिवसांत त्याचा बराचसा भाग कडक झालेला असतो. काहींच्या लाळेत किटण लवकर धरतं, काहींच्या हळू, हे जन्माचं असतं, त्यात तुमचा दोष नाही. पण मऊ थर रोज निघाला तर क्षार बसायला काही उरत नाही, मग लाळ कशीही असो.

दुसरी तपासणी: रंग लावून बघा

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची तपासणी हीच आहे आणि हीच कुणी करत नाही. किराणा दुकानात केकमध्ये घालायचा खायचा लाल रंग मिळतो, लिक्विडवाला घ्या. चमचाभर पाण्यात दोन-तीन थेंब, ओठांना आधी थोडं व्हॅसलीन, मग ते पाणी अर्धा मिनिट तोंडात घोळवा, थुंका, साध्या पाण्याने एकदाच हलकी चूळ भरा. जिथे थर आहे तिथे रंग धरतो, स्वच्छ दातावर धरत नाही. बीट चावूनही थोडंफार दिसतं, पण रंगाने स्पष्ट दिसतं. दातांच्या दवाखान्यात नाहीतर मोठ्या मेडिकलमध्ये यासाठीच्या गोळ्या मिळतात, काही गोळ्यांत जुना थर निळा-जांभळा आणि नवा लाल असा वेगळा दिसतो, मिळाल्या तर उत्तमच. बेसिनला आणि शर्टला डाग पडतील एवढी काळजी घ्या, आणि रात्रीच करा, जीभ थोडा वेळ लाल राहते.

आता गंमत नाही, नीट बघा. कुठे कुठे लाल आहे ते कागदावर लिहून ठेवा किंवा फोटो काढा. मग नेहमी करता तसाच ब्रश करा, जास्त वेळ नाही, मुद्दाम जोर लावून नाही, रोजच्यासारखा. आणि परत बघा. जे लाल राहिलं ती तुमची जागा. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांची बऱ्याचदा उजव्या सुळ्याजवळची बाजू राहते कारण तिथे मनगट वळतं आणि ब्रश उड्या मारतो. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू तर जवळजवळ सगळ्यांची राहते. शेवटच्या दाढेची मागची बाजू राहते. ज्या जागा लाल राहिल्या आणि ज्या जागी तुम्हाला किटण आहे त्या जुळवून बघा, बहुतेक त्याच निघतील. हे एकदा स्वतःच्या डोळ्याने बघितलं की मला वेगळं काही समजवावं लागत नाही.

तिसरी: ब्रश आणि हात

ब्रश सॉफ्ट आहे का ते बघा, पाकिटावर लिहिलेलं असतं. हार्ड ब्रशने किटण निघतं हा खूप पक्का गैरसमज आहे. किटण निघत नाहीच, वर हिरडी उतरते आणि दाताच्या मानेपाशी खाच पडते. ब्रशचं डोकं लहान घ्या, मोठ्या डोक्याचा ब्रश खालच्या दातांच्या आतल्या वळणात बसतच नाही, लहान मुलांचा ब्रश वापरलात तरी चालेल, मोठ्यांनी वापरू नये असा काही नियम नाही. केस महिन्याभरात बाहेर वाकले तर तुम्ही फार दाबताय. नाही वाकले तरी तीन-चार महिन्यांनी बदला.

ब्रश आडवा जोरात मागेपुढे करू नका. केस अर्धे हिरडीच्या कडेवर आणि अर्धे दातावर येतील असा पंचेचाळीस अंशात तिरका धरा, जागच्या जागी बारीक हलवा, मग दाताच्या टोकाकडे पुसत आणा. असा धरला की केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली मिलिमीटरभर आत जातात आणि प्लाक नेमका तिथूनच सुरू होतो. आडव्या घासण्याने दाताचं पोट चकचकीत होतं आणि कड तशीच राहते, म्हणून माणूस म्हणतो मी तर पाच मिनिटं घासतो. पाच मिनिटं नकोत, दोन मिनिटं पुरतात, पण फिरून सगळीकडे गेली पाहिजेत.

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूसाठी ब्रश उभा धरा. हनुवटी थोडी खाली, ब्रशचं पुढचं टोक हिरडीच्या कडेला टेकवा आणि एकेक दात खालून वर ओढत या. सुरुवात इथूनच करा, पेस्ट लावायच्या आधी कोरड्या ब्रशने केलीत तर अजून चांगलं, कारण फेस नसला की जिभेला लगेच कळतं गुळगुळीत झालं का नाही. सगळे जण गालाकडच्या दिसणाऱ्या बाजूने सुरू करतात आणि आत येईपर्यंत हात दमलेला असतो, घाई झालेली असते. नुसता हा क्रम बदलून पुढच्या वेळी किटण खूपच कमी आलेले पेशंट मी बघितले आहेत.

ज्यांचे हात थरथरतात, संधिवात आहे, अर्धांग होऊन गेलंय, त्यांच्यासाठी बॅटरीवाला ब्रश खरंच उपयोगी, तिथे पैसे घालायला हरकत नाही. बाकीच्यांनी आधी साधा ब्रश नीट चालवून बघा.

आणि रात्री. सकाळचा ब्रश सगळे करतात, रात्रीचा राहतो, आणि झोपेत लाळ कमी होते म्हणजे धुऊन जाणं जवळजवळ बंद. दोन्हीतला एकच करणार असाल तर रात्रीचा करा असं मी स्पष्ट सांगते, पण दोन्ही करा.

रक्त येतंय म्हणून ती जागा सोडू नका. हे मुद्दाम सांगते कारण इथे सगळ्यात जास्त लोक उलटं करतात. रक्त येतं, भीती वाटते, तिथे ब्रश लावायचा बंद करतात, थर वाढतो, रक्त अजून वाढतं. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुस शहरात हेराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्या चांगल्या असलेल्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं होतं, दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत साफ करायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. तेव्हा सॉफ्ट ब्रशने हलक्या हाताने तिथेच करा. दोन आठवडे नीट करूनही रक्त थांबलं नाही तर आत किटण आहे किंवा दुसरं काही आहे, घरचे उपाय संपले, दाखवायला या.

चौथी: पेस्ट, मंजन, मशेरी

पेस्टमध्ये फ्लोराइड असावं, आपल्याकडच्या साध्या पेस्टमध्ये साधारण हजार पीपीएमपर्यंत असतं, तेवढं पुरे. महाग पेस्टने किटण निघत नाही. टार्टर म्हणजे किटणच, टार्टर कंट्रोल लिहिलेल्या पेस्टमध्ये पायरोफॉस्फेट किंवा झिंक सायट्रेट असतं, ते क्षार बसायचा वेग कमी करतं, म्हणजे स्वच्छ केलेल्या दातावर नवीन किटण सावकाश येतं, तेही हिरडीच्या वर. बसलेलं जात नाही. ज्यांना लवकर किटण धरतं त्यांनी स्केलिंगनंतर लगेच सुरू केली तर पैसे वाया जात नाहीत, आधीच्या किटणावर चोळून मात्र उपयोग नाही.

राखुंडी, कोळसा, विटेची पूड, मीठ, जाडसर लाल मंजन हे सगळं बंद. दात पांढरे झाल्यासारखे वाटतात कारण वरचा डाग घासला जातो, त्याच्याबरोबर दातही घासला जातो आणि पंधरा-वीस वर्षांनी गार पाणी पिववत नाही. कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी चालते, टोक चावून नीट मऊ कुंचला केला तर, पण ती आतल्या बाजूला वळत नाही, म्हणून काडीवाल्या आजोबांचे पुढचे दात बाहेरून स्वच्छ आणि आतून भरलेले असतात. सकाळी काडी, रात्री ब्रश करा.

मशेरीबद्दल थोडं थांबून सांगते. आमच्या भागात, कोकणात, आयाबायांमध्ये ही सवय खूप आहे, पोटही त्याशिवाय साफ होत नाही असं म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण मशेरी तंबाखू म्हणून मिळतेच. तिने दात घासले जात नाहीत, डाग पडतो, हिरडी उतरते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे. काकू, आई, आजी कुणी लावत असतील तर ओरडू नका, एकदम सुटत नाही, चटक लागलेली असते. आधी दिवसातल्या वेळा कमी करा, आणि दवाखान्यात विचारा, तंबाखू सोडायला मदत मिळते. तोपर्यंत तोंड मात्र नियमित दाखवत राहा.

सिगारेट, बिडी ओढणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. तंबाखूमुळे हिरडीतला रक्तपुरवठा आवळला जातो, त्यामुळे आत बिघडलेलं असलं तरी रक्त येत नाही. म्हणजे रक्त येत नाही म्हणून माझ्या हिरड्या चांगल्या, हा हिशोब तुमच्या बाबतीत लागू नाही. पान खाणाऱ्यांच्या दातांवर डाग आणि किटण दोन्ही जाड थरात बघायला मिळतं.

पाचवी: दोन दातांमधली फट

ब्रश कितीही चांगला केला तरी दोन दातांच्या मधे जात नाही. दात एकमेकांना घट्ट असतील तर फ्लॉस, फट पडली असेल तर इंटरडेंटल ब्रश म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं अगदी बारीक रूप, तो. फटीच्या मापाचा घ्यायचा, जबरदस्तीने कोंबायचा नाही, माप दवाखान्यात विचारून घ्या. फ्लॉस नुसता वरून खाली टपकन मारू नका, हिरडी कापते, दाताला वळसा घालून पुसत वर आणा. सुरुवातीला रोज सगळीकडे जमत नाही, मग निदान खालच्या पुढच्या सहा दातांपासून सुरू करा. क्लिप लावलेल्यांना, ब्रिज म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवर पक्का दात बसवलेल्यांना, दातांमागे पक्की तार चिकटवलेल्यांना हे ऐच्छिक नाही, तारेखाली किटण हमखास धरतं, तिथे सुपरफ्लॉस म्हणजे कडक टोकाचा फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश लागतोच. पाण्याची पिचकारी मारणारं मशीन अन्नाचे कण काढतं, ब्रिजवाल्यांना चांगलं, पण चिकटलेला थर पुसून काढायला केस किंवा दोराच लागतो.

माउथवॉश शेवटी. क्लोरहेक्सिडिनचं जिवाणू मारणारं औषध चांगलं आहे, स्केलिंगनंतर डॉक्टर देतात, पण ते डॉक्टरने सांगितलेल्या दिवसांपुरतंच. काही जण वर्षभर घेत राहतात, त्याने दात तपकिरी होतात, चव बिघडते आणि किटणही जास्त धरतं. पेस्टनंतर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाच्या पदार्थाने त्याचा जोर कमी होतो.

सहावी: सगळं बरोबर करूनही येतंय तर

रंगाच्या टेस्टमध्ये स्वच्छ निघताय तरीही किटण किंवा सूज येते, मग कारण ब्रशच्या बाहेर आहे. एकाच बाजूने चावता का बघा. एका बाजूची दाढ दुखते म्हणून सगळं दुसऱ्या बाजूने चावणाऱ्यांची न वापरलेली बाजू किटणाने भरलेली असते, तिथे खरा इलाज त्या दाढेचा. नाक बंद असतं, तोंडाने श्वास घेता, तर वरच्या पुढच्या हिरड्या कोरड्या पडून सुजतात, ते नाकाच्या डॉक्टरचं काम. ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. ब्लडप्रेशरच्या ॲम्लोडिपिनने आणि फिटच्या फेनिटॉइनने काही जणांची हिरडी वाढून दातावर येते आणि तिच्याखाली थर साठतो. गोळी स्वतः बंद करू नका, अजिबात नाही, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. शुगर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरायला अजून जड जाते, दोन्हीकडून. चाळिशी ओलांडलीय, हिरड्यांना परत परत सूज येतेय आणि शुगर कधी तपासलीच नाही, तर एकदा तपासून घ्या. वेडेवाकडे एकमेकांवर चढलेले दात, कड बाहेर आलेलं फिलिंग, नीट न बसलेली कॅप, यात थर अडकतो आणि तो हाताच्या कौशल्याने निघत नाही.

हे घरी करू नका

सुई, पिन, ब्लेड, नेलकटरचं टोक, ऑनलाइन मिळणारा स्टीलच्या हुकांचा सेट, व्हायब्रेशनवाला घरगुती स्केलर, यातलं काहीही नको. आरशात उलटं दिसतं, हात घसरला की हिरडी फाटते, दातावर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत प्लाक अजून घट्ट धरतो. वरचा तुकडा उडाला तरी हिरडीखालचा तसाच राहतो, आणि बाहेरून स्वच्छ दिसल्यामुळे माणूस वर्षभर दवाखान्यात येत नाही. आतलं ते काळपट किटणच हाड खातं म्हणण्यापेक्षा, त्याच्या खरखरीत अंगावर बसलेला थर हिरडीला सतत सुजवत ठेवतो आणि त्या सुजेने दाताभोवतीचं हाड विरघळत जातं.

लिंबू-सोडा, व्हिनेगर, स्ट्रॉबेरी चोळणे, हे व्हिडिओ खूप फिरतात. पातेल्यात बसलेला पाण्याचा क्षार व्हिनेगरने निघतो कारण पातेलं स्टीलचं असतं, व्हिनेगरला स्टील विरघळवता येत नाही. किटण मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं आणि दातही कॅल्शियम फॉस्फेटचाच, जे आम्ल किटण विरघळवेल ते दात सोडणार नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र, इनॅमल साधारण साडेपाच पीएचच्या खाली विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस दोनच्या आसपास असतो. गेलेलं इनॅमल परत येत नाही. नुसता खायचा सोडा ओल्या ब्रशवर कधीतरी घेतला तर मऊ थर आणि चहाचा डाग थोडा निघतो, किटण नाही. तेलाच्या गुळण्या करायच्या तर करा, ब्रशच्या ऐवजी नको.

आता थांबा आणि दाखवा

नखाला कडक लागलं, तर थांबा, ते स्केलिंगनेच निघणार. दोन आठवडे नीट करून रक्त थांबत नाही, दात हलतोय, दात लांब झाल्यासारखे दिसतात किंवा पुढच्या दातांत नवीन फट पडली, हिरडी दाबली की पू येतो, तोंडात सारखी खारट घाण चव, यातलं एकही असेल तर पुढच्या आठवड्यात नको, आत्ता अपॉइंटमेंट घ्या. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, तंबाखू-गुटखा-सुपारीवाल्यांनी हे अजिबात अंगावर काढू नये. आणि गालाला किंवा जबड्याखाली सूज, ताप, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, तर दवाखाना उघडायची वाट न बघता हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

दवाखान्यात काय करतात ते सांगते म्हणजे भीती कमी होईल. अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक सेकंदाला साधारण पंचवीस ते पंचेचाळीस हजार वेळा थरथरतं, त्याने किटण सुटतं आणि पाणी सोबत चालू असतं म्हणून दात तापत नाही. दात कोरून काढत नाहीत. डॉक्टर बारीक मोजपट्टीने हिरडी आणि दाताच्या मधली खोली मोजतात, तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्यापुढे गेली तर ब्रश तळापर्यंत पोचू शकत नाही आणि हिरडीखालून साफ करावं लागतं, त्याला भूल देतात, एकापेक्षा जास्त वेळा यावं लागतं.

साफ केल्यावर दात हलायला लागले, हे मी रोज ऐकते. हाड आधीच गेलेलं असतं, किटणाने दात एकमेकांना चिकटून धरलेले असतात, ते काढलं की खरी परिस्थिती कळते. ठेवलं असतं तर उरलेलं हाडही गेलं असतं. फटी दिसतात त्याही तशाच, तिथे आधी किटण भरलेलं होतं आणि सूज उतरून हिरडी आकसते. काही दिवस गार झोंबतं, सेन्सिटिव्हिटीची पेस्ट लावा, कमी होतं.

आधीच सांगायच्या गोष्टी: रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, हार्टचा व्हॉल्व्ह बदललेला असेल, पूर्वी हार्टच्या आत इन्फेक्शन होऊन गेलं असेल, पेसमेकर असेल, शुगर असेल, गरोदर असाल. गोळी मनाने बंद करून येऊ नका, प्रिस्क्रिप्शनचा कागद घेऊन या. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, मधले तीन महिने साफ करायला सगळ्यात सोयीचे, बाळ होईपर्यंत थांबायची गरज नसते.

किती दिवसांनी परत यायचं याला सगळ्यांना एकच आकडा नाही. सहा महिने सर्रास सांगतात, ज्यांना लवकर धरतं किंवा शुगर आहे त्यांना तीन-चार महिने, काहींना वर्षानेही चालतं. स्केलिंग झालं की आठवड्याने घरी एकदा रंग लावून बघा आणि लाल राहिलेल्या जागेचा फोटो पुढच्या व्हिजिटला दाखवा, आम्हाला नेमकं तिथेच ब्रश कसा धरायचा ते तुमच्या हातात धरून शिकवता येतं. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज, इथे कमी पैशात होतं. विद्यार्थी करतात पण वर शिकवणारे डॉक्टर तपासतात, वेळ जास्त लागतो, म्हणून सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घेऊन जा.